आजाऱ्याचा पुडा

आमच्या डिंगोरे गावात आजारी माणसाला भेटायला कुणी हात हलवत जात नाही. बिस्किटाचा पुडा हवाच. माणूस पोटदुखीनं पडलेला असो, हाड मोडून पडलेला असो, नाहीतर बाळंतीण असो, पुडा तोच. आत शिरायचं, पुडा उशाशी ठेवायचा, "आता बरं हाय ना?" असं विचारायचं आणि याच दुखण्यानं आपल्या ओळखीतलं कोण कोण गेलं ते सांगत बसायचं. आमचे मालक साखर वाढली म्हणून दवाखान्यात राहून घरी आले, तेव्हा आठवड्याभरात आमच्याकडे एवढे पुडे जमले की दुकान टाकता आलं असतं. साखरेच्या रोग्याला सगळं गाव बिस्किटं देत होतं आणि त्यात काही चुकतंय असं एकालाही वाटत नव्हतं.

दुखणं सुरू झालं पायाच्या अंगठ्यापासून. कांद्याला पाणी भरताना मालकांच्या पायावर फावडं बसलं. चिखलात अनवाणीच उभे होते. घरी येऊन ओटीवर टेकले, चहा मागितला. मी कप घेऊन बाहेर येते तर फरशीवर रक्ताचे ठसे. "अहो, हे काय?" म्हणून ओरडले, तर स्वतःच्या पायाकडे असे बघत राहिले की जणू पाय दुसऱ्याचाच आहे. "लागलं व्हय? मला कळलंच न्हाई," म्हणाले. फावडं लागलेलं कळत नाही, याची मला जी भीती वाटली ती अजून पोटात आहे.

जखम भरेना. नारायणगावच्या डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवून घेऊन, सगळं तपासून स्पष्टच सांगितलं की साखर खाली आली तर अंगठा राहील, नाहीतर काढावा लागेल. मग त्यांनी विचारलं, "दिवसभरात खाता काय?"

"आपलं साधंच. शेतकऱ्याचं," मालक म्हणाले.

मी तिथंच तोंड उघडलं. सकाळी चहाबरोबर बिस्किटं. मग रानात मजुरांच्या पंगतीत खारी नाहीतर वडापाव. दुपारी जेवणावर फरसाणाची मूठ. संध्याकाळी टोस्ट. रात्री नातवंडांनी ताटात टाकलेले नूडल्स, आणि ऊन लागलं की बाटलीतलं रंगीत गोड पाणी. सांगता सांगता माझी मलाच लाज वाटायला लागली, कारण यातलं बरंचसं घरात मीच आणून ठेवत होते. डॉक्टरांनी कागदावर गोळ्या लिहिल्या आणि म्हणाले, "गोळ्या देतोच, पण पुड्यातलं आणि बाटलीतलं बंद करा. घरात शिजतं ते खा. तेही बेतानं."

येताना मी गाडीतून बाहेर बघत होते. रस्त्याच्या कडेला टोमॅटोचे क्रेट लावलेले होते. भाव पडला की आमच्याकडे टोमॅटो बांधावर ओततात, आणि त्याच घरात फडताळात सॉसची बाटली असते. आमच्याही होती. घरी गेल्यावर पहिली ती बाटली मोरीत उपडी केली. नातवंडांनी गोंधळ घातला, तो मी ऐकून घेतला.

लोक म्हणतात, पूर्वीचं खाणं किती चांगलं होतं. होतंच. पण चुलीवरच्या भाकरीचं कौतुक खाणाऱ्यांनी करावं, थापणारीला विचारू नये. आळे गावात माझ्या माहेरी आई पहाटे उठून बाजरी दळायला बसायची, मग भाकरींची चळत, मग रान. मीही लग्नानंतर बरीच वर्षं तसंच केलं. मजुरांना न्याहरीला भाकरी आणि लसणाची चटणी, थंडीत हुलग्याच्या पिठाचं ऊन ऊन माडगं. मग मजूर बायाच म्हणायला लागल्या, "भाकरी घरी बी खातो, चहा-खारी ठिवा." मला तर तेच हवं होतं. बिस्किटानं मला सकाळची तासभर झोप दिली आणि त्या झोपेचं मोल मी कुणाला कमी लेखू देणार नाही. पुडा आमच्या घरात चोरपावलांनी नाही आला. मी दार उघडून, पाट मांडून घेतला.

आणि दुसरं एक आहे. आमच्या पिढीला बिस्कीट म्हणजे नुसतं खाणं नव्हतं. लहानपणी ते फक्त आजारपणात मिळायचं. ताप आला की वडील बाजारातून पुडा आणत. आई बशीत चहा ओतून त्यात बिस्कीट बुडवायची आणि ते गळून पडायच्या आत आमच्या तोंडात घालायची. एरवी तिला आमच्याकडे बघायलाही सवड नसायची. तेव्हा ती उशाशी बसायची, कपाळावर हात ठेवायची. त्या बिस्किटाच्या आशेनं आम्ही भावंडं काखेत कांदा धरून उन्हात बसायचो. कांद्यानं ताप चढतो असं शाळेत कुणीतरी सांगितलं होतं आणि आळ्यात कांद्याला काही तोटा नव्हता. ताप कधी चढला नाही, शर्टाला मात्र वास सुटायचा आणि आई बिस्किटाऐवजी पाठीत धपाटा द्यायची. आज ते आठवलं की हसू येतं. तिचा तो हात आता कुठला!

तर पुडा बंद झाला आणि घरात भाकरी परत आली. मी पहाटे उठायला लागले, कुरकुरत. बाजरीची एकच भाकरी, माठाची नाहीतर मेथीची भाजी, वाटीभर ताक. संध्याकाळी टोस्टच्या जागी भाजलेले हरभरे. रविवारी हुलग्याच्या पिठाच्या वळ्या करून शिजवलेले शेंगोळे. सुरुवातीला मालक ताटाकडे असं बघायचे की मी त्यांची इस्टेटच काढून घेतली आहे. "चहा कोरडा कसा उतरंल घशाखाली?" रोज तोच प्रश्न. "पाण्यासारखा उतरेल, पिऊन बघा," असं माझंही रोजचंच उत्तर.

पण भेटायला येणारी माणसं थांबेनात. पुडा परत दिला तर माणूस दुखावतो, ठेवला तर मालकांचा हात तिकडे जातो. मी एकदा काही पुडे फोडून गाईला घातले. तेव्हापासून कागदाचा कुरकुर आवाज आला की गोठ्यातली गाय आणि ओटीवरचे मालक, दोघंही एकदम मान वर करायला लागले. शेवटी पाहुण्यांदेखत मी सांगायला लागले, "भाऊ, पुडा परत न्या, पोरांना द्या, आमच्याकडं बंद हाय." गावात बोभाटा झाला की हिनं नवऱ्याला उपाशी ठेवलंय. होऊ दे म्हटलं. अंगठा गावाचा नव्हता.

मग घोडेगावहून वन्स आल्या. वन्स म्हणजे माझी नणंद, मालकांची थोरली बहीण. सासूबाई लवकर गेल्या, त्यामुळे मालकांना वाढवलं ते त्यांनीच. दोन एसट्या बदलून, कमरेवर हात ठेवत त्या ओटीवर चढल्या आणि पिशवीतून दोन पुडे काढले. लहानपणीच्याच बिस्किटांचे. मला चहा टाकायला सांगितला. मी चहा घेऊन आले तोवर पुडा फुटला होता. त्यांनी बिस्कीट बुडवलं आणि भावाच्या तोंडाशी नेलं. पन्नाशी उलटलेल्या त्या माणसानं लहान पोरासारखा आ केला.

"वन्स, नको," मी म्हणाले. "अंगठा जाईल त्यांचा."

"एका बिस्किटानं अंगठा जातुया?" त्यांचा हात तिथंच थांबला. "अगं, ह्याच बिस्किटावं जगलाय त्यो. मुदतीचा ताप व्हता. आन्नाचा कण ठरत न्हवता पोटात. मी चालत गेले ओतूरला, शेठजींच्या दुकानातनं पुडा आणला. परकराच्या ओच्यात झाकून आणला, कुणी मागू नये म्हनून. आन ह्यो येडा, मला अर्धं दिल्याबिगर खाईना. दर बिस्कीट मोडायचा आन म्हनायचा, अर्धं तुला."

मालकांचे डोळे भरून आले. माझेही आले असते, पण पट्टी बांधलेला पाय माझ्या समोरच होता. मी पुढे झाले आणि वन्सच्या हातातली बशी घेतली. बिस्कीट चहात पडलं आणि विरघळून गेलं.

वन्स उठल्या. उरलेला पुडा त्यांनी पिशवीत घातला, पदर सारखा केला आणि जेवायलाही न थांबता मिळेल त्या एसटीनं परत गेल्या. मालक त्या संध्याकाळी माझ्याशी बोलले नाहीत. मी वाढलेली भाकरी मात्र खाल्ली. माझं तेव्हाही बरोबर होतं आणि आजही मला तसंच वाटतं. पण बरोबर असण्यात काही सुख नसतं, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

जखम भरायला बरेच महिने लागले. आधी कडा सुकल्या, मग आतून गुलाबी कातडं आलं. साखर उतरत गेली तसा मालकांचा चेहराही उतरला, म्हणजे सूज गेली, आणि लग्नातला माणूस थोडा थोडा दिसायला लागला. गुडघे कमी दुखायला लागले. एक दिवस डॉक्टरांनी पट्टी कायमची काढली. अंगठा राहिला. नख तेवढं परत उगवलं नाही.

त्या भाऊबीजेला मालक एकटेच घोडेगावला गेले. संध्याकाळी मला वन्सचा फोन आला. त्यापूर्वी कितीतरी दिवस त्यांचा आवाज ऐकला नव्हता. "तुझ्या नवऱ्याला शेंगोळं करून घातलं. भाजल्याली शेंग दिली. पुडा न्हाई दावला. झालं समाधान?" आवाजात राग होता. पण शेंगोळे वळायला केवढा वेळ लागतो ते मला माहीत आहे. त्या वयात, त्या बोटांनी त्यांनी ते वळले होते. मी फोन ठेवला आणि रडले.

यंदा वन्स अंथरुणाला खिळल्या. घोडेगावहून भाच्याचा फोन आला की अन्नावरची वासनाच गेली आहे, पेज घातली तरी तोंडातून बाहेर येते, येऊन भेटून जा. आम्ही सकाळीच निघालो. जुन्नरच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. मालक समोरच्या दुकानाकडे एकदा बघायचे आणि एकदा जमिनीकडे. विचारायची त्यांची हिंमत नव्हती, आणि त्यांनी विचारायची वाट बघत थांबायची मला गरज वाटली नाही. मी रस्ता ओलांडला आणि पुडा घेतला. कितीतरी दिवसांनी माझ्या पिशवीत पुडा आला होता.

"हात हलवत कसं जायचं?" मी म्हटलं. मालकांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि घोडेगावपर्यंत मांडीवर धरून बसले.

वन्स खाटेवर इतक्या लहान दिसत होत्या की मला आधी अंगावरची वाकळच दिसली. मालक त्यांच्या उशाशी बसले. भाच्याच्या बायकोनं चहा आणला. मी पुडा दातानं फोडला आणि बशीत चहा ओतून ती मालकांच्या हातात दिली. त्यांनी बिस्कीट बुडवलं आणि बहिणीच्या ओठाला लावलं. आम्ही सगळे बघत होतो. ओठ हलले, गळा हलला. बिस्कीट पोटात गेलं. भाच्याची बायको तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

दुसरं बिस्कीट वन्सनी स्वतः हातात घेतलं. बोटांत जोर नव्हता, तरी ते मोडलं. एक तुकडा स्वतःच्या छातीवर ठेवला आणि दुसरा भावाच्या तोंडाकडे न्यायला लागल्या. "अर्धं तुला," म्हणाल्या.

मालकांनी तोंड उघडलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं वन्सनी टिपलं, आणि हात मध्येच थांबला. अगदी तसाच, जसा तेव्हा आमच्या ओटीवर थांबला होता.

"अंगठा दाव," त्या म्हणाल्या.

मालकांनी चप्पल काढून पाय खाटेच्या कडेवर ठेवला. वन्सनी डावा हात पुढे केला, चाचपडत अंगठा शोधला आणि नख नसलेल्या त्या जागेवरून बोट फिरवलं. "हाय की," त्या म्हणाल्या. मग मान वळवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्यापेक्षा एवढ्या मोठ्या, मालकांना आईच्या जागी असलेल्या बाईनं मला विचारलं, "दिऊ का गं?"

 मी मान डोलावली. वन्सनी ते अर्धं बिस्कीट भावाच्या तोंडात घातलं, आणि मालकांच्या हनुवटीवर सांडलेला चुरा मी पदरानं टिपून घेतला.