शरदचंद्रांनी नापास केलेला रणगाडा

एकवीस वर्षांपूर्वी चेन्नईत, आमच्या वेस्ट मांबलमच्या इमारतीत एक गोष्ट कानोकानी फिरत होती. दुसऱ्या मजल्यावरचे शरदचंद्र म्हणे रणगाड्याचे नकाशे विकतात. कुणाला, ते नक्की नव्हतं. तळमजल्यावरचा गुंडो म्हणायचा, एका परदेशी माणसाला. मी म्हणायचो, दोघांना. तेवढंच गोष्टीला जरा वजन. पुरावे मजबूत होते. शरदचंद्र शहराबाहेर आवडी नावाच्या गावी, रणगाड्यांच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. सलग पाच रविवार दुपारी त्यांच्या मागच्या खोलीचा पडदा ओढलेला, आतून कानस घासल्याचा आवाज. सहाव्या रविवारी गुंडोने त्यांना गच्चीवर आकृत्या काढलेला कागद जाळताना पाहिलं. गुंडो तंजावरकडचा मराठी, बँकेतला कारकून. न पाहिलेलं सांगायची सवय त्याला नाही, ती मला आहे. आणि त्याच महिन्यात शरदचंद्रांकडे नवा फ्रिज आला. आणखी काय हवं?

त्यांना थेट विचारायची सोय नव्हती. काहीही विचारलं की उत्तर एकच, "सही केलीय." नोकरीला लागताना गुप्ततेच्या कागदावर केलेली सही. कँटीनमध्ये आज भाजी कसली होती, या प्रश्नालाही ती सही आड यायची. नवरा नेमकं काय काम करतो हे विद्युलतावहिनींना कळलं ते निवृत्तीच्या समारंभात, दुसऱ्यांच्या भाषणांतून.

तीस वर्षं नापासचा शिक्का मारलेला हात घरी आल्यावर थोडाच थांबतो. नारळ, दरवाजे, पोळ्या, सगळं बोटाच्या पेराने ठोकून बघणार आणि मान हलवणार. नात ऊर्मी त्यांच्याकडेच वाढली, कारण मुलगा-सून दोघंही नोकरीला. पोरीने दारात रांगोळी काढली की आजोबा पट्टी घेऊन हजर. रेघ दोन मिलिमीटर सरकली असेल तर तसं सांगणार, आणि सरकली नसेल तर काहीच बोलणार नाहीत. "छान" हा शब्द त्यांच्या तोंडून मी चाळीस वर्षांत ऐकलेला नाही.

सिनेमाही ते असाच तपासतात. त्यातून त्या इंग्रजी हेराच्या सिनेमांवर विशेष राग. त्या नायकाला आम्ही कोटवाला म्हणतो, कारण तो पाण्याखालीसुद्धा कोट काढत नाही. गेली पस्तीस वर्षं त्याचे भाग निघतायत. आठही भाग शरदचंद्रांनी पहिल्या आठवड्यात जाऊन पाहिले आणि आठही नापास केले. मग जाता कशाला, असं मी एकदा विचारलं. तपासल्याशिवाय नापास कसं करणार, म्हणाले.

तर यंदा नववा भाग आला. ऊर्मी पेरुंगुडीला एका कंपनीत आहे. परदेशी सिनेमांतली खोटी वादळं, खोटे स्फोट तिथे संगणकावर तयार होतात. आजोबांना एवढंच माहीत की नात 'कॉम्प्युटरमध्ये' आहे. एके दिवशी ती चार तिकिटं घेऊन आली. आजी, आजोबा, गुंडो आणि मी. शनिवारी सकाळी दहाचा खेळ, कंपनीच्या माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. जिन्यात तिने मला बाजूला घेऊन गुपित सांगितलं. (मला सांगितलेलं गुपित राहतं असं तिला वाटलं, वयच कोवळं.) त्या सिनेमात एक रणगाडा आहे आणि तो तिने केलाय, अकरा महिने खपून. शेवटी नावांच्या यादीत तिचं नाव येतं. आजोबा दर वेळी शेवटची गोळी सुटली की चपला घालून दाराशी जातात. या वेळी नाव येईपर्यंत त्यांनी बसावं आणि एकदा, एकदाच, बरं म्हणावं.

बसायचं तेवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं, म्हणजे गुडघा दुखतोय, यादी संपेपर्यंत मला उठवू नका असं सांगितलं.

सिनेमा सुरू झाला. आता तो कसा होता हे मला सांगावंच लागणार, आणि किळस आल्याशिवाय सांगता येणार नाही. पहिल्या वीस मिनिटांत कोटवाल्याने दोन पूल, एक विमान आणि एका म्हाताऱ्याचं फळांचं दुकान मोडलं. त्याचं वय आता इतकं झालंय की धावताना कॅमेराच त्याच्यासाठी धावतो. हा हेर, पण जाईल तिथे स्वतःचं पूर्ण नाव सांगणार. जग बुडायला नऊ मिनिटं उरलेली असताना हा एका बाईला बापाच्या आठवणी सांगत बसतो, आणि त्या आठवणी आपण सातव्या भागात ऐकलेल्या असतात. मग म्हणे चेन्नई आलं. हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखं पिवळं शहर, सिग्नलला हत्ती, हत्तीशेजारी गारुडी. गुंडोने माझ्या कानाशी विचारलं, "अय्यो, हे कोठलं गाव रे?" एवढा पैसा ओतून माणसं इतकं शिळं वाढतात आणि आपण ताट पुढे करून बसतो, याचीच शिसारी जास्त.

शरदचंद्रांनी मात्र अजून एकही निकाल दिला नव्हता. ते लक्षण चांगलं नव्हतं.

मध्यंतराच्या जरा आधी भिंत फोडून रणगाडा आला. ऊर्मी आमच्या पुढच्या रांगेत, तिची मान ताठ झाली. प्रचंड धूड, चिखलाने माखलेलं, आणि तोफेखाली पुढच्या बाजूला धुराची जाड नळी. नळीतून काळा धूर भसाभसा निघून सरळ चालकाच्या तोंडावर. वर डोकं काढून कोटवाला बसलेला, हसतोय. शरदचंद्र उभे राहिले. भर थिएटरात, सगळ्यांना कळावं म्हणून खास तमिळमधून, त्यांनी निकाल दिला की हा रणगाडा नव्हे, ही अडुप्पु आहे, आणि त्यात बसणारा शत्रूच्या आधी खोकून मरेल. अडुप्पु म्हणजे चूल. अख्खी कंपनी आईबापांसकट हसली. पुढच्या रांगेतली ती ताठ मान खाली गेली.

मध्यंतरात बाहेर कॉफी घेऊन उभे होतो. शरदचंद्रांचं चालूच होतं. असला मूर्ख कोण, ज्याला धूर मागे जातो एवढं कळत नाही?

"मी, आजोबा," ऊर्मी म्हणाली.

वहिनींनी कॉफी खाली ठेवली. मागे ऊर्मीच्या साहेब, हरिणी मॅडम, येऊन उभ्या होत्या. त्यांनी गोड आवाजात चौकशी केली की ती नळी कुठल्या फोटोवरून घेतली होती, कारण हे आता सिनेमा काढणाऱ्या परदेशी लोकांनाही सांगावं लागेल. ऊर्मीने कुठलाही फोटो पाहिला नव्हता. सिनेमातला देशच खोटा, त्यामुळे रणगाडा कसाही चालणार होता. तिने तिच्या लहानपणीच्या लाकडी रणगाड्यासारखा केला, जो तिच्या टेबलावर आजही आहे.

"तुम्ही करून दिलेला," ती आजोबांना म्हणाली. "तुम्ही केलेलं चुकीचं कसं असेल? मी तपासलंच नाही."

शरदचंद्रांचा चेहरा तेव्हा पाहायला हवा होता. त्यांनी एकदा वहिनींकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. सही केलीय, हे शब्द ओठांपर्यंत आलेले मला दिसले. ते म्हणाले असते तर संपलंच होतं. मूर्खपणा पोरीच्या नावावर कायमचा राहिला असता.

"चूक तिची नाही," ते हरिणी मॅडमना म्हणाले. "माझी आहे. मी ती नळी मुद्दाम पुढे लावली होती. पोर रणगाडा घेऊन खाली खेळायला जाणार, चार लोक बघणार. खऱ्यासारखा कसा करून देऊ?"

मला राहवलं नाही. म्हटलं, अहो, धुराची नळी मागे असते हे सव्वीस जानेवारीला सगळा देश टीव्हीवर बघतो.

"देशाने सही केलेली नाही," शरदचंद्र म्हणाले.

हरिणी मॅडम हसल्या आणि निघून गेल्या. ऊर्मी हसली नाही. तिने विचारलं, म्हणजे एकवीस वर्षं मी नापास रणगाड्याशी खेळले? आजोबांनी मान हलवली, होकारार्थी.

उरलेला अर्धा सिनेमा पहिल्या अर्ध्याहून घाण होता, आणि त्याचा शेवट तर दहाव्या भागाची जाहिरात होती. पण शरदचंद्र बसून राहिले. नावं वर सरकू लागली, हजारभर माणसं, एवढ्या कचऱ्याला एवढे हात. लोक उठून गेले, झाडूवाले आत आले. मग ऊर्मीचं नाव आलं आणि गेलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"सिनेमा नापास," ते तिला म्हणाले. "साखळीवरचा चिखल बरोबर आहे. तो वाळल्यावर तसाच तडकतो."

ऊर्मी त्यांच्या चपला शोधायला खाली वाकली, आणि बराच वेळ वर आली नाही.

तर शरदचंद्रांनी कधीही कुठलाही नकाशा विकला नव्हता. रविवारी पडदा ओढून ते पाच वर्षांच्या नातीसाठी लाकडी रणगाडा करत होते, आणि गच्चीवर जाळला तो त्याच खेळण्याच्या मापांचा कागद होता. फ्रिज बोनसचा होता.