पोचनं का, दिनेश?

हेमराजभाऊंना लकवा झाला. तेव्हापासून तोंडातून शब्द नाही, म्हणून घरच्यांनी ठरवूनही टाकलं की त्यांना काही कळत नाही. बोलायला शिकवणाऱ्या बाईंचं येणं सोमवारपासून बंद करणार होते. ऐकून माझा संताप संताप झाला. धडगावची लाइन नंदुरबारात बसून सांभाळणारा माणूस, त्याला कळत नाही?

आम्ही एकाच कंपनीतले. भाऊ नंदुरबारच्या मुख्य कचेरीत, मी धडगावच्या शाखेत, आणि मधे फ्रेम रिले, म्हणजे अनेकांच्या सामाईक जाळ्यातून कचेरीच्या फायली नेणारी भाड्याची लाइन. त्यांच्याकडची लाइन रुंद, माझ्याकडची अरुंद. हमी फक्त ठरलेल्या वेगाची. त्याहून जास्त पाठवलं, तर मधलं जाळं मोकळं असेल तेव्हा जायचं आणि गर्दी असेल तेव्हा खुशाल वाटेत टाकून दिलं जायचं.

एका होळीला भाऊंनाच खुमखुमी आली. त्यांनी वेग वाढवून पाहिला. अर्धा मुलूख काठी गावच्या होळीला गेलेला, कचेऱ्या बंद, जाळं रिकामं. फायली अशा भराभर उतरल्या की विचारू नका! सण संपला, कचेऱ्या उघडल्या आणि सगळा बट्ट्याबोळ. फायली अडकल्या. फोनही त्याच लाइनवर, त्यामुळे भाऊ अर्धेच ऐकू यायला लागले.

त्यांनी मुकाट्यानं वेग पुन्हा हमीवर आणून ठेवला. मग म्हणाले, "दिनेश, समोरलाले झेपी तितलंच धाडानं. पोचनं का?"

पुढे प्रत्येक फोनला तेच, पोचलं का. मी "पोचनं, भाऊ" म्हटल्याशिवाय गडी पुढचं वाक्य बोलायचा नाही. काय दिवस होते हो! ती लाइन कधीच गेली. आता धडगावातही मोबाइलवर सिनेमे चालतात, पण तसं निवांत कुणी बोलत नाही.

रविवारी त्यांच्याकडे गेलो. मुलगा भाग्येश, सून मोहिनी, शेजारीपाजारी, सगळे खाटेभोवती एकदम बोलत होते. "बाबा, कोण आलंय? ओळखलं का? चहा घेता?" भाऊंची नजर नुसती भिरभिरत होती.

"बघा ना काका, काही कळत नाही," भाग्येश म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "गप बसा रे जरा!"

मी वाकलो. "भाऊ." थांबलो. बराच थांबलो. नजर हळूहळू माझ्यावर ठरली.

"दिनेश. धडगावना." पुन्हा थांबलो. मोहिनी काही बोलणार होती, तिला हातानं थोपवलं.

"पोचनं का?"

ओठांची एक बाजू हलली.

"पोच... नं."

मला रडूच फुटलं. भाग्येश पुढे आला. त्यानं बापाचा हात हातात घेतला, "बाबा" एवढंच म्हणाला आणि थांबला.