पालकाचा मोबाईल नंबर

आमच्या कॉलेजात दरवर्षी प्रत्येक शिक्षकाच्या वाट्याला पंचवीस विद्यार्थी येतात. आम्ही त्यांचे पालक शिक्षक. त्यांच्या अडीअडचणी विचारायच्या, विषय निवडायला मदत करायची, हजेरी कमी पडली तर घरी फोन लावायचा आणि हे सगळं एका रजिस्टरात लिहायचं. बहुतेक सहकारी तपासणीची समिती यायच्या आदल्या आठवड्यात वर्षभराच्या नोंदी एका बैठकीत उरकतात. संशय नको म्हणून पेनं तेवढी दोन-तीन वापरतात. मी त्यांना हसायचे. मी तासिका तत्त्वावर शिकवणारी बाई, नऊ वर्षं झाली तरी कायम नाही, पण माझं रजिस्टर खरं असायचं. त्याचा मला तोरा होता आणि त्या तोऱ्यातच मी तो फोन केला.

मुलगी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. एकोणीस पूर्ण. सिरसाळ्याकडच्या एका खेड्यातून एसटीनं यायची. मागच्या बाकावर बसायची आणि काहीही विचारलं तरी "बरं चाललंय मॅडम" एवढंच म्हणायची. तीन आठवडे ती तासाला दिसली नाही. मी तिचा प्रवेशाचा फॉर्म काढला आणि पालकाच्या रकान्यातला नंबर लावला. फोन तिच्या चुलत्यानं उचलला. भाऊ मेंढरं घेऊन बाहेर असतो, घरचं मीच बघतो, असं त्यानं सांगितलं.

"तुमची मुलगी तीन आठवडे कॉलेजला आलेली नाही," मी म्हणाले.

तो अगदी शांतपणे म्हणाला, "ती तर रोज सकाळच्या गाडीनं येती मॅडम. बरं झालं सांगितलं. बघतो आमी."

त्यानं आरडाओरडा केला असता तर मला काही वाटलं नसतं. त्या शांत बोलण्यानंतर रजिस्टर उघडायला मला वेळ लागला. तरी मी नोंद केली: पालकांशी संपर्क साधला. खाली तारीख आणि सही.

दुसऱ्या दिवशी तिच्याच गावची मैत्रीण स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, तुमी काल तिच्या घरी फोन केलता का?"

"हो. का गं?"

"कावून केला? आधी तिला तर इचारायचं." पोरगी रडकुंडीला आली होती. "ती कुठं फिरत न्हाई हो मॅडम. ग्राउंडवर असती. भरतीचं पळती."

पोलीस भरती. तयारी करून घेणारे एक निवृत्त फौजी मुलींची बॅच दहाला घ्यायचे, कारण खेड्यातल्या मुलींना सकाळच्या एसटीशिवाय घराबाहेर पडताच येत नाही. तीच आमची तासांची वेळ. ती पंजाबी ड्रेसच्या आत ट्रॅकपँट घालून यायची. घरात फक्त आईला माहीत होतं. चुलत्यानं स्थळ बघून ठेवलं होतं, आणि पोरगी कॉलेजला जाते एवढ्याच एका सबबीवर ते थांबलं होतं. कॉलेज बंद झालं की लग्न. मैदानी चाचणीला दोन महिने उरले होते आणि आज तिला घरातून निघू दिलं नव्हतं.

तिला मारलं असेल, कोंडलं असेल, की त्याहून काही वाईट? आमच्याकडच्या बाईला असले विचार सुचायला डोकं शिणवावं लागत नाही. तीन आठवडे मी तिच्या मैत्रिणीला एका शब्दानं विचारलं नव्हतं, आणि फोन मात्र थेट घरी लावला होता.

मी प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, "नियमाप्रमाणं फोन केलात, रजिस्टरला नोंद आहे, विषय संपला. तुम्ही तासिकेवरच्या. कशाला उडता बाण अंगावर घेता?" त्यांचं चुकत होतं असंही नाही. त्यांचं ऐकावं असं मला मनापासून वाटलं, हे कबूल करते. पण दुपारी मी एसटीत बसले. वीज केंद्राची राख वाहणाऱ्या गाड्यांमागून आमची गाडी रखडत चालली होती आणि मी मनातल्या मनात एक खोटं पुन्हा पुन्हा घोकत होते.

चुलत्यानं दारातच हात जोडले. बसायला सतरंजी टाकली. तिच्या आईनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला, पण माझ्याकडे बघितलं नाही. मुलगी आत होती. तिच्या बांगड्यांचा आवाज आला तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

"माझी चूक झाली," मी म्हणाले. "वर्गात एकाच आडनावाच्या दोघी आहेत. मी दुसरीची हजेरी बघितली. तुमची मुलगी रोज येते."

तो माझ्याकडे बघत राहिला. तो वाईट माणूस नव्हता, म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटली. "भाऊ सहा-सहा महिने बाहेर असतो," तो म्हणाला. "पोरगी माझ्या भरवशावर हाय. काही कमीजास्त झालं तर भावाला काय तोंड दाखवू? तुमी म्हणता तर पाठवतो. पण एक काम करा मॅडम. रोज अकराला फोन करायचा आन् ती आली का न्हाई ते सांगायचं. तुमी मॅडम हायत, तुमच्यावर इस्वास हाय."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

मुलगी परत आली ती माझ्यावर धुमसतच. "मला इचारलं असतं तर मी सांगितलं असतं मॅडम," एवढंच म्हणाली. हे मला लागलं, कारण आजवर तिनं काहीच सांगितलं नव्हतं आणि मीही धड विचारलं नव्हतं. मग आमचं ठरलं. एसटीतून उतरल्यावर तिनं स्टाफरूमच्या खिडकीपुढून जायचं, मी तिला बघायचं, आणि मगच ती ग्राउंडवर जाणार. तासाच्या नोट्स मैत्रीण देणार. अकराला मी फोन करायचे. "आली." तो म्हणायचा, "बरं मॅडम. उपकार झाले."

लोकांना वाटत असेल, खोटं बोलायची सवय होते. मला नाही झाली. रोज पावणेअकरापासून मी घड्याळाकडे बघत बसायचे. कुणी ग्राउंडवर तिला ओळखलं तर? गावातलं कुणी बाजाराला आलं तर? पळताना पाय मुरगळला तर? मोबाईल वाजला की मी दचकायचे, मग तो फोन गॅस सिलेंडरवाल्याचा का असेना. तिची वेळ मात्र सेकंदा-सेकंदानं कमी होत होती. खिडकीपुढून जाताना ती आदल्या दिवशीची वेळ बोटं दाखवून सांगायची आणि तेवढ्यापुरतं मला हसू यायचं.

चाचणीला नऊ दिवस राहिले होते. त्या दिवशी मला पहिल्या वर्षाच्या परीक्षेवर पर्यवेक्षणाला लावलं. सकाळी नऊपासून वरच्या मजल्यावर अडकले, खिडकीशी थांबता आलं नाही, अकराचा फोनही राहिला. पेपर गोळा करून बाहेर आले तेवढ्यात मोबाईल वाजला.

"मॅडम, आज फोन न्हाई आला तुमचा."

"परीक्षा होती हो."

"आली का ती?"

'बघून सांगते' असं म्हणायला हवं होतं. पण इतक्या दिवसांत त्या प्रश्नाला माझ्या तोंडून दुसरं उत्तर गेलंच नव्हतं, आणि जरा घुटमळले तरी त्याला संशय येईल, या भीतीनं मी घाई केली.

"आली ना. आत्ताच समोरून गेली."

पलीकडे कपबश्या वाजल्या. दोन-तीन पुरुषांचं बोलणं ऐकू आलं.

"आज आमी तिला पाठवलीच न्हाई मॅडम," तो म्हणाला. आवाज तसाच, शांत. "पाहुणे आलेत. ती आत च्या करती." मग फोन जरा लांब धरून तो कुणाला तरी म्हणाला, "वैनी, ऐकलं ना?"

आईचा आवाज आला नाही. मी पेपरचा गठ्ठा छातीशी आवळून उभी होते.

"लई तरास घेतला तुमी," तो म्हणाला. "आता उद्यापासून फोन करू नका."

"तिला एकदा द्या फोन," असं मी म्हणेपर्यंत त्यानं तो ठेवून दिला होता.