पंचवीस टक्क्यांच्या आतले कलम

एकत्र संशोधन करणाऱ्या दोन कंपन्यांना स्पर्धा कायद्यातून मिळणारी सूट कशाने जाते, या प्रश्नाचे उत्तर मांडावे म्हणून हे लिहायला घेतले. उत्तर मला वीसेक वर्षांपूर्वीच मिळाले होते. ते देणाऱ्या बाईंना आम्ही कलमकाकू म्हणत असू.

नेदरलँड्समधल्या फेल्डहोवन गावातल्या आमच्या छोट्या कंपनीत त्या करार तपासत. पुण्यात कायदा शिकवून आलेल्या. ओळीखाली लाकडी पट्टी धरून करार मोठ्याने वाचायचा, ही त्यांची रीत. कोणी घाईने सारांश मागितला की म्हणत, "सारांश गोष्टीचा सांगतात, कराराचा नाही."

अवघड गोष्ट सोपी करण्याची हातोटी त्यांची. जेवणाच्या सुट्टीत एकदा मला म्हणाल्या, "मी पोळ्या करते, शेजारीण भाजी करते, मग अदलाबदल. यात कायद्याला आनंदच आहे. दोघींचा वेळ वाचतो. पण दोघींनी मिळून गल्लीला डब्याचा भाव ठरवून दिला, की सूट संपली. सूट ही देणगी नव्हे, सावंत. अटी पाळाल तोवर तुमची."

पुढे भिंगांवरील लेपाच्या संशोधनासाठी एका मोठ्या प्रतिस्पर्धी कंपनीशी करार ठरला. दोघांचा मिळून बाजारातला हिस्सा पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, ही सुटीची अट मला ठाऊक होती. मी नीटनेटका तक्ता केला. "काकू, बसलो की आपण मर्यादेत!"

"ही शाळेची परीक्षा नव्हे, पस्तीस मिळाले की पास व्हायला. एकोणिसावे कलम वाचलेत?"

संयुक्त संशोधन संपल्यावर आमच्या कंपनीने त्या विषयात स्वतंत्र संशोधन करायचे नाही, असे ते कलम होते. "हे राहिले तर हिस्सा दोन टक्के असो, सबंध कराराची सूट जाते," त्या म्हणाल्या. पूर्वी असा करार ब्रुसेल्सला, युरोपीय आयोगाकडे पाठवून सूट मिळेल का ते विचारता येई. ती वाट नुकतीच बंद झाली होती. आता ज्याचे त्याने ठरवायचे. आमच्याकडे ते काकूंच्या सहीवर ठरे.

त्यांनी सही नाकारली. बैठकीत संचालकांनी मला विचारले, "तुझे मत?" संयुक्त प्रयोगशाळेचे प्रमुखपद मला मिळणार होते. मी म्हणालो, "आकडा मर्यादेत आहे."

काकूंच्या सहीविनाच करार झाला. दोन महिन्यांनी त्यांची नोकरी पुढे वाढवली गेली नाही. राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला. दुसरी नोकरी वेळेत मिळाली नाही. डच शाळेत नुकत्याच रुळलेल्या मुलीला घेऊन त्या परत निघाल्या. मी खोकी बांधायला गेलो, तर मला दारातच थांबवून म्हणाल्या, "तुम्हाला कळले नव्हते असे नाही हो. कळले होते, म्हणून तर आकड्यामागे लपलात."

वर्षभराने समोरच्या कंपनीच्याच नव्या वकिलाने तोच आक्षेप घेतला. अर्ध्या तासात ते कलम करारातून काढून टाकले गेले. संचालकांनी त्याचे कौतुक केले. काकूंचे नाव कोणी काढले नाही. मीही नाही.

खरे तेवढेच सांगून खोटे कसे बोलता येते, ते मी करून पाहिले आहे. म्हणून वाचकांना विनंती: वर सांगितलेला नियम माझ्या शब्दावर मानू नका. तो नंतर बदललाही असेल. मूळ मजकूर काढा आणि स्वतः तपासा.