आखरावरचा मिठाचा खड्डा

थांबा, बाकीचं सगळं नंतर. मले हे आत्ताच्या आत्ता सांगायचं हाये. मी वडशाच्या बसस्टँडवर बसली हाये, तिकडं जंगलाच्या बाजूनं आभाळ काळं होऊन राह्यलं, अन् चंद्रपूरची बस यायच्या आत मले हे टाईप करून मोकळं व्हायचं हाये. चुका असतीन तं सांभाळून घ्या.

मागच्या पावसाळ्याच्या तोंडाशी ऑफिसात एक फोन आला. एका गावच्या सरपंच बाईचा.

"मॅडम, तुमचं यंत्र चाललं जी! शाळेवर वीज पडली, केवढ्या जोरानं! पोट्टे सगळे बरे हायेत. भिंतीले भेगसुद्धा नाई."

मी ओरडलीच. "सर! आपलं यंत्र चाललं!" आमच्या ठेकेदार सरांनं चहाचा कप खाली ठेवून अंगठा दाखवला.

"पण मॅडम," सरपंच बाई म्हणल्या, "तुम्ही इकडं या. लवकर या. आखरावर जनावरं मेली."

आधी माह्यं काम सांगते. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला. चंद्रपूरच्या एका ठेकेदाराकडं साइट सुपरवायझर हाये. गावोगावच्या शाळांवर आम्ही लाइटनिंग अरेस्टर बसवतो. गावात कोणी त्याले यंत्र म्हणते, कोणी भाला म्हणते, कारण छतावरच्या पाईपाले खरंच भाल्यासारखं टोक असते. टोकापासून तांब्याची पट्टी भिंतीवरून खाली येते अन् जमिनीतल्या खड्ड्यात जाते. बस, एवढंच. लोकांले वाटते हे वीज अडवते. नाई. वीज पडतेच. यंत्र तिले फक्त रस्ता देते. इथून ये, भिंतीले हात लावू नको, पोट्ट्याईले हात लावू नको, सीधी जमिनीत जाय.

अन् सगळा जीव असते खड्ड्यात. त्याले अर्थिंग म्हणतात. कोरड्या जमिनीत करंट मुरत नाई. म्हणून खड्ड्यात कोळसा अन् मीठ भरतात, वरून पाणी टाकतात. मीठ ओल धरून ठेवते. जुनी पद्धत हाये, आम्हीबी तेच करत होतो. मीठ पोत्यानं लागते.

मीठ म्हटल्यावर तुमच्या डोक्यात काई आलं असन. माह्या नाई आलं.

त्या शाळेच्या समोर सगळा मुरूम. पहार आपटली तं ठिणगी निघे. मागं मात्र नरम माती होती, म्हणून खड्डा मागं घेतला. मागं गावचं आखर. म्हणजे सकाळी गावभरची जनावरं जिथी जमतात ते मैदान. तिथून गायकी, म्हणजे गुराखी, त्याईले जंगलात चारायले नेते. ह्या गावचे गायकी डोमा भाऊ. त्याईचे वडीलबी गायकीच होते. गावातली एकएक गाय त्याईच्या भरवशावर घराबाहेर निघे.

काम झालं की गावाले जमवून माहिती द्यायची असते. मले हा भाग भल्ला आवडते. माईक हातात आला की मी थांबतच नाई.

"गडगडलं की झाडाखाली थांबायचं नाई! जंगलात असाल तं बाहेर निघा! जनावरं घेऊन सीधे गावात या, पक्क्या घरात थांबा!"

डोमा भाऊ पुढंच बसले होते. "म्हणजे मोहाखाली नाई थांबायचं?"

"मोहाखाली नाई अन् सागाखालीबी नाई. कोणत्याच झाडाखाली नाई."

"अन् पाण्यानं भिजलो तं?"

"भिजा ना भाऊ! भिजल्यानं कोणी मरते काय?"

"माह्या घोंगड्याचा वास सुटला की म्हातारी मले मारन, त्याचं काय?"

सगळं गाव हसलं. मीबी हसली.

काही दिवसांनी मी रीडिंग घ्यायले परत गेली. अर्थ टेस्टर नावाचं मशीन असते, त्यावर कळते की जमीन करंट किती सहज घेते. खड्ड्याजवळ पाह्यलं तं एक ठिपक्याठिपक्याची गाय माती चाटून राह्यली.

"डोमा भाऊ, तुमची गाय माह्यं अर्थिंग खाऊन राह्यली!"

"काबरी हाये ते. माह्यी हाये. खाऊ दे जी. तुह्या खड्ड्यानं माह्यं काम सोपं केलं. पहिले एकेकीले हाका मारत फिरो. आता दावं सोडलं की सगळ्या इथी येऊन उभ्या."

मी काबरीचा फोटो काढला. स्टेटसले टाकला. 'आमची पहिली कस्टमर.' लई जणांनं हसणारे इमोजी पाठवले. खड्ड्यावर सिमेंटचं झाकण यायचं होतं, पण झाकणं दुसऱ्या लॉटमध्ये होती. सरांले मी विचारलं, ते म्हणले, "येईन ना, पावसाआधी येईन." रीडिंग तं एकदम मस्त आलं. कागदावर सही करून मी निघाली.

पाऊस झाकणाच्या आधी आला.

आता त्या दिवशीचं. डोमा भाऊ जनावरं घेऊन जंगलात होते. दुपारी आभाळ भरलं, गडगडायले लागलं. दरवर्षी असं झालं की ते कळप मोहाखाली थांबवत. त्या दिवशी त्याईनं नाई थांबवला. मी सांगतलं होतं ना. सगळी जनावरं हाकलत गावात आणली, अन् स्वतः शाळेच्या व्हरांड्यात उभे राह्यले. तेबी मीच सांगतलं होतं. जनावरं आखरावर आली अन् सवयीनं सीधी खड्ड्याकडं गेली.

मग वीज पडली. भाल्यावर पडली, पट्टीवरून उतरली, खड्ड्यात गेली. जसं शिकलो तसंच. आत वर्गात पोट्टे कानावर हात ठेवून बसले होते, एकाले खरोच नाई. मागं आखरावर तीन गाई अन् एक गोऱ्हा जागीच पडला. तीनमधली एक काबरी.

मी पोचली तवा गाव तिथीच उभं होतं. रस्त्यात सरांचा फोन येऊन गेला होता. "हे पाय, जास्त बोलू नको. नैसर्गिक आपत्ती हाये, तलाठी पंचनामा करन, लोकांले मदत भेटन. टेक्निकल गोष्टी काढू नको." ते वाईट माणूस नाई. घाबरले होते.

गोऱ्ह्याचा मालक डोमा भाऊसमोर उभा होता. जवान माणूस, डोळे लाल.

"रोज दिवस बुडताना आणता. आजच काऊन दुपारी आणली?"

डोमा भाऊ खाली पाहून बोलले, "गडगडत होतं."

"गडगडत होतं तं जंगलात थांबता नाई आलं? तुम्ही व्हरांड्यात अन् जनावरं पाण्यात? उद्यापासून माह्यं एकबी जनावर तुमच्यामागं येणार नाई."

"आमचंबी नाई," मागून कोणीतरी म्हणलं. मग अजून एक जण.

डोमा भाऊनं माह्याकडं पाह्यलं. मॅडमनंच सांगतलं होतं, एवढं म्हणायचं होतं फक्त. तेबी त्याईनं म्हणलं नाई.

मग माह्याच्यानं राहवलं नाई.

"डोमा भाऊची चूक नाई," मी म्हणली. "मी सांगतलं तसं केलं त्याईनं. अन् जनावरं मिठासाठी खड्ड्यावर गेली. मीठ आम्ही टाकलं."

मग सगळं समजावून सांगतलं. तुम्हालेबी सांगते. पाण्यात गोटा टाकला की गोल गोल लाटा जातात ना, तसा करंट खड्ड्यातून जमिनीत पसरते. जवळ जोर जास्त, दूर कमी. माणसाचे दोन पाय जवळ असतात. गाईचे पुढचे अन् मागचे पाय लांब. त्या अंतरात फरक पडते. करंट पुढच्या पायातून चढते, मागच्या पायातून उतरते, अन् मधात काळीज असते. म्हणून जनावर लवकर मरते.

सरपंच बाईनं शांतपणे विचारलं, "म्हणजे यंत्रानं मारलं?"

"यंत्रानं पोट्टे वाचवले, बाई."

"मी ते नाई विचारलं."

सगळे माह्याकडं पाहून राह्यले होते.

"हो," मी म्हणली. "खड्ड्यातल्या करंटनं मेली. खड्ड्यावर झाकण असतं, कुंपण असतं, तं जनावरं तिथी उभी नसती."

गोऱ्ह्याचा मालक डोमा भाऊजवळून बाजूले झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी जनावरं डोमा भाऊमागंच जंगलात गेली. हे मले सरपंच बाईनं फोनवर सांगतलं. मले लई बरं वाटलं. मग त्याईनं एक फोटो पाठवला.

गावानं रात्रीतून पट्टी तोडली होती. पहारीनं. भिंतीवरून उपटून गुंडाळून ठेवली होती, अन् खड्डा मातीनं बुजवला होता. वर भाला तसाच.

ज्याईले हे काम माहीत नाई त्याईले सांगते, ह्याच्यापेक्षा बेकार काई नाई. वर टोक उभं, विजेले या म्हणून राह्यलं, अन् खाली जायले रस्ताच नाई. मग ते भिंतीतून जाईन, सळाखीतून जाईन, जिथून वाट भेटन तिथून जाईन. खाली वर्ग.

सरांले फोन केला. "जोड ना पट्टी परत."

"जोडू देत नाईत सर."

"मग काय करतं?"

"भाला उतरवते."

ते म्हणले, "आभाळ पाहून चढजो."

सकाळी आभाळ साफ होतं. मी गेली, तं आठ-दहा जण शाळेसमोर बसले होते. मी हात जोडले. "नवीन खड्डा पलीकडं खोदते, मीठ टाकत नाई, वरून झाकण, भोवती तारेचं कुंपण. आखरापासून दूर. एकदा ऐका."

"तुम्ही मागच्या वेळीबी चांगलंच बोलल्या होत्या मॅडम," गोऱ्ह्याचा मालक म्हणला. आवाजात राग नव्हता. नवीन खड्ड्याले सगळ्याईनं नाई म्हणलं.

भाला उतरवायले मात्र कोणी नाई म्हणलं नाई. सिडी धरायले कोणी उठलंबी नाई. डोमा भाऊ उठले.

"चढ पोरी. धरली हाये."

मी वर गेली. स्वतः कसलेले नटबोल्ट स्वतः खोलले. ते बी एवढे टाईट कसले होते की हात सोलला. वरून आखर दिसत होतं, बुजवलेला खड्डाबी. एक वासरू तिथली माती हुंगून राह्यलं होतं.

खाली आली तवा मी डोमा भाऊले म्हणली, "काबरीचं मले..."

"बोलू नको," ते म्हणले. "मले त्या दिवशीच सगळं समजलं. आता घोंगडं भिजलं तरी मले काई वाटत नाई." अन् सिडी उचलून घेऊन गेले.

बाकी गावांत आम्ही झाकणं बसवली. कुंपणं केली. आता मिठाऐवजी दुसरी पावडर भरतो, जनावर तोंड लावत नाई. सरांनं नियमच केला. ह्या एका गावानं मात्र नाई म्हणलं. सरपंच बाई म्हणल्या, पोळा होऊ द्या. पोळा झाला. मग म्हणल्या, धान कापू द्या. आज परत गेली होती, ग्रामसभा होती. चित्र काढून नेलं होतं, झाकणासकट. परत नाई म्हणले. त्याईचा भाला आमच्या गोदामात एका कोपऱ्यात उभा हाये. शाळा हाये तशीच, उघडी.

अन् आत्ता, हे टाईप करताकरता डोमा भाऊचा फोन येऊन गेला.

"बाई, इकडं गडगडून राह्यलं. झाडाखाली नाई, आखरावर नाई. मग जनावरं कुठी नेऊ?"

मी सांगतलं. मोकळ्या सखल बांध्यांत, धानाच्या वावरात सोडा, गोळा होऊ देऊ नका, दूर दूर ठेवा. तुम्ही पक्क्या घरात जा. ते 'हो जी' म्हणले. ते अजूनबी मलेच विचारतात, अन् ह्याचंच मले रडू येते.

तुमच्या गावात शाळेवर असा भाला असन तं वर पाहू नका, खाली पाहा. झाकण हाये काय ते पाहा. आमच्या धंद्यात झाकण आधी बसवायचं असते अन् भाला नंतर, एवढंच मी शिकली.

बस लागली. पण एक सांगा मले. तुमच्यासोबत झालं काय असं कधी? काम बरोबर झालं, खरंबी बोलले, अन् तरी शेवटी आपणच लावलेलं आपल्या हातानं खोलून आणावं लागलं?