भोकराखालची कबर

पेणला गाडी बदलताना मी पोह्याचे पापड घेतले आणि भलत्याच खुशीत रोह्याच्या एसटीत बसलो. लेखकाला फोन करून बोलावणारा वाचक ही काय रोज घडणारी गोष्ट आहे? तिथल्या जुन्या कबरस्तानाचे राखणदार याकूबचाचा म्हणाले होते, "वादळानं झाडं झोपवली. आता तुमच्या लेखावरनं भांडण लागलंय. या." त्या कबरस्तानावर लिहिलेल्या माझ्या लेखावरून भांडण! मी तर इस्त्रीचा शर्ट घातला होता.

नागोठण्यापर्यंत घरोघरी छपरांवर निळी ताडपत्री दिसत होती. रोह्याला उतरून रिक्षाने कबरस्तान गाठलं आणि माझी ऐट फाटकातच उतरली. आंबे मुळांसकट उपटले होते, चिंच कुंपणावर आडवी पडली होती. इथल्या बऱ्याच कबरी कच्च्या (नुसता मातीचा उंचवटा, वर दगड नाही). कोण कुठे निजलंय ते झाडावरून सांगायचं. झाडं गेली, पत्ते गेले.

बकुळीच्या बुंध्याशी एकजण सब्ज्याला (कबरीवर लावतात ते तुळशीसारखं रोप) पाणी घालत होता. चाचांनी ओळख करून दिली. हा इब्राहिम. आई गेली तेव्हा कुवेतला होता, आता कायमचा परतलाय. आठ दिवस रोज इथे दुवा मागतोय.

"मी सांगतो आई भोकराखाली हाय," चाचा म्हणाले. "पन माज्या डोल्यांना कमी दिसतं ना! हा म्हनतो छापलंय तेच खरं."

इब्राहिमने पाकिटातून माझ्या लेखाचं कात्रण काढलं. घड्यांवर चिकटपट्टी होती. "सायेब, तुमीच लिवलंय. नवी कबर, बकुळीची सावली, मातीवर ओघळलेली फुलं. तिकडं किती येला वाचलंय."

त्याच्या आईची ती कबर मला चाचांनीच दाखवली होती आणि ती भोकराखालीच होती. पण भोकर वाक्यात बसेना! 'भोकराच्या सावलीत' कानाला कसंसंच वाटलं, म्हणून घरी बसून मी बकुळ लिहिली. कुणाचं काय बिघडणार होतं?

"चाचा बरोबर आहेत," मी म्हणालो. "बकुळ मी मनाने घातली."

इब्राहिमने कात्रणावरची ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग त्याने विचारलं, "आनि फुलं? आईवर फुलं पडत व्हती, ते तरी खरं ना?"

माझ्याआधी चाचाच खेकसले, "फुलं कसली? भोकरं पडायची! तुज्या आईला लोनचं कशाचं लागायचं, इसरलास?"

इब्राहिम हसला, आणि हसता हसताच रडायला लागला. तो उन्मळलेल्या भोकराशी जाऊन बसला. चाचा बकुळीखालचा सब्जा उपटायला वाकले तसा तो ओरडला, "ऱ्हाऊ दे, चाचा! जी कोन हाय तिला आठ दिवस लेक भेटला."

निघताना त्याने पडलेल्या फांदीवरची ओंजळभर हिरवी भोकरं माझ्या पिशवीत टाकली, चाचांना दिलेल्या पापडांच्या जागी. एक वाटेत फुटलं. पेण येईपर्यंत बोटं चिकट होती.

इस्त्रीच्या शर्टाची मला तेव्हा फार लाज वाटली. या खेपेला भोकरच लिहिलंय. कानाला कसंसंच वाटलं तर वाटू दे.