वजनकाट्यावरचा चॅम्पियन

मार्तंड दारातून आत येताना खांदा तिरका करायचा. क्वार्टरचं दार काही इतकं अरुंद नव्हतं, आणि २००६ साल उजाडेपर्यंत मार्तंडही पूर्वीचा उरला नव्हता. छातीतलं निम्मं खाली पोटात उतरलं होतं. पण बॉक्सिंगमधला माळव्याचा हेवीवेट चॅम्पियन दारातून सरळ कसा येणार? बायको चारुलता भाजी निवडता निवडता म्हणायची, "या सरळ. चौकटीनं कधीच हार मानलीय." देवासच्या मराठी मंडळींत हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण चारुलतानेच ते घरोघरी पोचवलं होतं.

पदक मात्र खरं होतं. १९९४चं. धारचं घर सोडून माई, म्हणजे मार्तंडची आई, इथे राहायला आल्यापासून ते पदक रोज सकाळी देवांबरोबर पुसलं जाई. माईला ऐंशी उलटून गेली होती. देव किती पुसले याचा तिला विसर पडे, पदकाचा पडत नसे.

त्या वर्षी समाजाच्या नव्या हॉलमध्ये कीर्तिदालन करायचं ठरलं. माळव्यात नाव कमावलेल्या मराठी माणसांचे फोटो भिंतीवर लागायचे होते. यादी झाली तर सगळे पगडीवाले निघाले, दोन दिवाण, एक वैद्य, एक कीर्तनकार. अध्यक्ष प्रतापराव म्हणाले, "एखादा खेळाडू घाला हो, नाहीतर पोरं म्हणतील पितृपक्षाची भिंत आहे." खेळाडू म्हटल्यावर सगळ्यांच्या माना मार्तंडकडे वळल्या.

सचिव बळवंतराव निवृत्त मास्तर. शाळा सुटली होती, छडी जिभेत उतरली होती. ते म्हणाले, "चॅम्पियन आहे, कबूल. पण हरवलं कोणाला? समोरच्याला काट्यानं पाडलं, पदक यानं उचललं."

सगळे हसले. मार्तंडही हसला. चहाचा कप त्याने बशीत ठेवला तो पुन्हा उचलला नाही.

"उगीच वाद नको," बळवंतराव म्हणाले आणि छापील फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. "ज्याच्याशी अंतिम सामना होता त्याचंच अनुमोदन आण. तो म्हणाला तू लायक, तर खिळा मी स्वतः ठोकतो."

घरी वेदिका, त्याची कॉलेजातली मुलगी, फॉर्म घेऊन बसली. मराठी मजकूर ती बोट ठेवून वाचायची. "बाबा, ये प्रतिस्पर्धी के आगे किसका नाम?"

"मानाजी," माईच मध्ये म्हणाली. "गुणी पोरगा. नवस पाळला आणि हरला बिचारा."

"हरला नाही, माई. खेळलाच नाही."

"तेच ते. आणि अरे, लवकर उरका म्हणावं. मी असेपर्यंत."

मार्तंडने वेदिकाच्या हातून फॉर्म काढून घेतला. जे होतं ते बारा वर्षांपूर्वीचं होतं.

तेव्हा मार्तंड आणि मानाजी एकाच कारखान्यात टेंपररी होते. सुट्टी झाली की मागच्या शेडमध्ये दोघे एकमेकांना बडवून काढायचे आणि मग एकाच सायकलवर डबलसीट घरी यायचे. मॅनेजरसाहेबांनी सांगून ठेवलं होतं, जो चॅम्पियन होईल तो स्पोर्ट्सच्या कोट्यातून कायम. हेवीवेटमध्ये नावंच दोन आली होती, या दोघांची. एकच सामना, तोच अंतिम.

मानाजीचे वडील, नाना, तेव्हा अंथरुणाला खिळलेले. त्यांच्यासाठी मानाजीने अकरा एकादश्या निर्जळी करायचा नवस बोलला होता. स्पर्धेचा दिवस नेमका नवव्या एकादशीचा निघाला. सकाळी वजनं झाली. हेवीवेटला एक्क्याऐंशी किलोच्या वर भरावं लागतं. मानाजी भरला ऐंशी किलो आठशे. बाकीची पोरं वजन उतरवायला मैदानाला फेऱ्या मारत होती आणि हा गडी पाण्याच्या घोटांनी कमी पडला होता.

पंच भला माणूस. म्हणाला, "घंटाभर है, भिया. लोटाभर पानी पी ले, फिर चढ़ जा काँटे पे."

कोणीतरी तांब्या आणून मानाजीच्या हातात दिला. त्याने तो धरला आणि मार्तंडकडे बघितलं. तोंडाने काही विचारलं नाही, पण विचारलंच. मार्तंड म्हणाला, "नवस आहे रे. मोडू नकोस."

मानाजीने तांब्या खाली ठेवला. लोकांनी मानाजीची भक्ती वाखाणली आणि त्याहून जास्त मार्तंडचं मन. एकही ठोसा न मारता मार्तंड चॅम्पियन झाला आणि कायमही झाला. अकरावी एकादशी पार पडली आणि पंधरवड्यात नाना गेले. पुढे कारखान्याने टेंपररी माणसं कमी केली, त्यात मानाजीचं नाव होतं. बायकोला, सीताला घेऊन तो नेमावरला निघून गेला.

मार्तंड फॉर्म घेऊन नेमावरच्या बसमध्ये बसला तेव्हा त्याने सही आणायचं ठरवलं होतं, आणि त्याआधी एक गोष्ट सांगायचंही.

नर्मदेच्या घाटाजवळ मानाजीचं नारळ-दिव्यांचं दुकान होतं. अंगावरचं मांस गेलं होतं, खांद्यांची नुसती रुंदी राहिली होती. मार्तंडला बघून तो दुकानातून उडी मारूनच बाहेर आला. "सीता, बघ कोण आलंय. चॅम्पियन. चहात साखर जास्त घाल, वजन उतरलंय बिचाऱ्याचं."

फॉर्म बघून तो खूश झाला. "म्हणजे भिंतीवर जाणार तू. जायलाच पाहिजे. तुला सांगतो मार्तंडा, त्या दिवशी तू नसतास तर मी पाणी प्यायलो असतो. नाना गेले ते गेलेच. पण माझ्याकडून काही राहिलं नाही. नोकरी गेली, इथे येऊन बसलो, तेव्हा याच एका गोष्टीवर झोप लागायची."

इथे गप्प बसला असता तर चाललं असतं. पण मार्तंड तीन-साडेतीन तास बसमध्ये एकच वाक्य घोकत आला होता, आणि ते तोंडातून निघालंच.

"मी नवसासाठी नव्हतो बोललो, मानाजी. आठ दिवस आधी तू शेडमध्ये मला डाव्या हातानं आडवा केला होतास. उठेपर्यंत कानात शिट्टी वाजत होती. तू पाणी प्यायलास तर मी हरणार, हे मला दिसत होतं. म्हणून बोललो."

सीता चहा घेऊन आली होती ती तशीच उभी राहिली. मानाजी हातातल्या नारळाची शेंडी सोलत राहिला. नारळ पूर्ण बोडका झाला तेव्हा त्याने विचारलं, "बारा वर्षं हे तुझ्याजवळच होतं ना?"

"हो."

"मग आणखी राहिलं असतं. माझ्या दारात आणून का उतरवलंस?"

मार्तंड फॉर्म पुन्हा खिशात घालू लागला.

"दे तो फॉर्म," मानाजी म्हणाला. पाठ फिरवून त्याने काहीतरी लिहिलं, कागदाची चार घड्यांची पुडी केली आणि मार्तंडच्या हातात दिली. "शेवटची बस चारची आहे." चहा कोणीच प्यायलं नाही.

परतीच्या वाटेत मार्तंडने ती घडी उघडली नाही. मानाजीने खरं लिहिलं असेल असं त्याला वाटत होतं. वाटेतलं कन्नोद मागे पडलं तोवर तर त्याला तसंच हवं होतं. बळवंतराव ते मोठ्याने वाचतील, चार लोक थू करतील, एकदाचं संपेल.

बैठकीत बळवंतरावांनी चष्मा लावला आणि वाचलं, "'नवव्या एकादशीला मार्तंडने मला पाणी पिऊ दिलं नाही, म्हणून माझ्या वडिलांचा नवस पुरा झाला. असा मित्र सगळ्यांना मिळत नाही. त्याचा फोटो लावावा. मानाजी, नेमावर.'"

बळवंतराव खाली बघून म्हणाले, "मी बोललो ते मागे घेतो. हे ठोशापेक्षा मोठं आहे."

मार्तंड उठला. "मास्तर, ते..." एवढं म्हणून तो थांबला. खरं सांगितलं तर तो मोकळा झाला असता, आणि नानांच्या नवसाची गोष्ट गावभर चेष्टेची झाली असती. मानाजीने आपल्याजवळ उरलेलं एकच समाधान कागदावर मांडून पाठवलं होतं. ते मोडणाराही आता मार्तंडच ठरला असता.

"ते काय?" प्रतापरावांनी विचारलं.

"काही नाही. मंडळींचे आभार," मार्तंड म्हणाला आणि खाली बसला.

पंधरा दिवसांनी फोटो लागला. खिळा बळवंतरावांनीच ठोकला. चारुलताने नवी साडी नेसली होती, वेदिकाने फोटोखालचा मराठी मजकूर न अडखळता वाचून दाखवला. माईला खुर्चीसकट उचलून आणलं होतं. तिने फोटोला हात जोडले, आणि पोटच्या पोराला कोणी हात जोडतं का म्हणून बायका हसल्या. नेमावरला आमंत्रण गेलं होतं. तिकडून कोणी आलं नाही.

"मानाजी दिसत नाही रे?" माईने विचारलं.

"बस मिळाली नसेल."

माईने आपल्यातला एक पेढा रुमालात बांधला आणि मार्तंडच्या खिशात घातला. "नेमावरला जाशील तेव्हा आठवणीनं दे."

मार्तंड हो म्हणाला. तो पुन्हा नेमावरला गेला नाही.